साडी की कुर्ता? आधी मेंदीचं बघ

डिप्लोमा झालाय, पुढच्या आठवड्यात एका कंपनीच्या वार्षिक सभेत कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून पहिलं काम आहे, तर साडी नेसू की कुर्ता घालू, असं विचारलंयस. आणि जाता जाता लिहिलंयस की त्याच्या तीन दिवस आधी बहिणीचं लग्न आहे. मला काळजी त्या लग्नाचीच वाटते. मेंदी काढणार असशील ना?

आपल्या सांकेतिक भाषेत बोटांनी स्पेलिंग करायला दोन्ही हात लागतात. ए, ई, आय, ओ, यू तर एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवरच दाखवायचे, आणि मेंदी नेमकी तिथेच सगळ्यात गडद रंगते. वर तळहातभर नक्षी. चौथ्या रांगेतल्या माणसाला बोटं कुठे संपतात तेच कळत नाही. बहिणीला सांग, तळव्यावर एक छोटा ठिपका घेते. रुसली तर रुसू दे.

आता कपडे. हात कपड्यावर उठून दिसले पाहिजेत, बाकी सगळं त्यातूनच येतं. इंटरनेटवर सरसकट काळा सांगतात, ते गोऱ्या हातांसाठी ठीक. माझ्यासारख्या सावळ्या हातांना काळा, मरून, तपकिरी घात करतात; मी फिकट आकाशी किंवा राखाडी घालते. एकरंगी, न चकाकणारा, गळा बंद. आरशावर विसंबू नकोस. फोन दहा-बारा फुटांवर ठेवून स्वतःचा व्हिडिओ काढ आणि आवाज बंद करून बघ.

साडी चालते, पदर पिन केलेला आणि काठ बारीक असेल तर. मी एका लग्नात हौसेने पैठणी नेसून उभी राहिले होते. नवरीचे वडील कर्णबधिर. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेने सांगितलं, मोर फार सुंदर होते, भटजी काय म्हणाले ते काही कळलं नाही. तेव्हापासून कामाला कुर्ताच.

बांगड्या काढ. किणकिणाटाचा त्रास कर्णबधिरांना नाही, पण शेजारी माईक असला की अख्ख्या सभागृहाला होतो. लांब साखळीत बोटं अडकतात. माझं मंगळसूत्र मी कुर्त्याच्या आत सरकवते, यावरून सासूबाईंची दोन वर्षं बोलणी खाल्लीत. केस मागे बांध, कारण सांकेतिक भाषेत प्रश्न भुवयांनी विचारला जातो.

सभा दोन तासांची असेल तर जोडीला दुसरा दुभाषी असेलच, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून. त्याला आजच फोन करून तो काय घालणार ते विचार. मागचा पडदा कुठल्या रंगाचा आहे, चित्रीकरण आहे का, तेही आयोजकांना विचार. हिरव्या पडद्यासमोर हिरवा कुर्ता घातलास तर स्क्रीनवर नुसते हात तरंगतील. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आपण असतो केवढेसे! सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात व्हिडिओवरून, दुभाष्यामार्फत बाजू मांडली, ती अशाच चौकटीतून.

पुढेमागे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा माणसासोबत काम करशील, तेव्हा तो तुझ्या हातांवर हात ठेवून खुणा ओळखेल; रंगाचा प्रश्नच नाही. तिथे अंगठी, वाढलेली नखं आणि उग्र अत्तर नको.

नव्या चपला त्या दिवशी घालू नकोस, उभं राहायचंय. पिशवीत एक जास्तीचा साधा कुर्ता ठेव. सभेआधी चहा असतो, आणि तो सांडतो.