नाव बुडाली की नाव बुडाले?

प्रश्न : मुलीने निबंधात ‘आमचे नाव पाण्यात हेलकावे खात होते’ असे लिहिले. कानाला खटकते, पण कारण काय सांगावे? शिवाय जुन्या पुस्तकांत ‘नांव’ दिसते, ते काय?

उत्तर : होडी या अर्थाची नाव स्त्रीलिंगी, ओळखीचे नाव नपुंसकलिंगी. म्हणून ‘आमची नाव हेलकावे खात होती’. सामान्यरूपही वेगळे होते : नावेत बसलो, नावेला भोक पडले, पण नावात चूक झाली, नावापुढे पदवी लावली. अनेकवचन त्या नावा आणि ती नावे.

भूतकाळात क्रियापदच उलगडा करते. ‘नाव बुडाली’ म्हणजे माणसे पाण्यात, ‘नाव बुडाले’ म्हणजे अब्रू पाण्यात. अडते ते वर्तमान आणि भविष्यकाळात, कारण ‘बुडते’, ‘बुडेल’ ही रूपे दोन्ही लिंगांना सारखीच. तिथे मागे ‘जुनी’ किंवा ‘घराण्याचे’ असे काही जोडावे. अनेकवचनाला प्रत्यय लागला की तोही आधार जातो. ‘नावांची यादी’ कशाचीही असू शकते. सरळ ‘होड्यांची यादी’ लिहावे.

‘नांव’ हे ओळखीच्या नावाचे जुने लेखन. ते ‘नाम’वरून आले, म्हणून व्युत्पत्तीचा अनुस्वार देत. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढले. लिहिणाऱ्यांची सोय झाली खरी, पण या जोडीतली डोळ्यांना दिसणारी खूण गेली.

प्रश्न : होडी, नाव, नौका, बोट यांतले कुठे काय वापरावे?

उत्तर : बोलताना वल्ह्याची किंवा लहान शिडाची ती होडी, ‘नाव’ आता नदीपार नेणाऱ्या नावाड्यापुरती आणि कवितेपुरती उरली आहे. ‘नौका’ सरकारी आणि बातमीतली : मासेमारी नौका, गस्ती नौका, युद्धनौका. गप्पांत ती उगाच भारदस्त वाटते. इंजिनवाली ती बोट. इथेही लिंग सांभाळा : बोटीला धक्का लागला, बोटाला जखम झाली. प्रवासात मळमळले तर ‘बोट लागली’ म्हणतात, तिथे इजा कुणालाच नसते.

‘दोन नावांवर पाय’ मात्र हिंदीची उसनवारी. मराठीत पाय दोन डगरींवर असतात.