वाचकांचे प्रश्न : युरोपचा संशोधननिधी, अन्नतंत्रज्ञान आणि शाळेतले विज्ञान

युरोपीय संघाच्या पैशातून चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांविषयी या खेपेला बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. मिळत्याजुळत्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : मी अन्नतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. उच्चदाब प्रक्रिया (प्रचंड दाबाने अन्न टिकवणे) आणि स्पंदित विद्युतक्षेत्र (अन्नाला विजेचे क्षणिक झटके देणे) या दोन विषयांवर युरोपात एकामागून एक प्रकल्प झालेले दिसतात. त्याच विषयाला पुन्हा पुन्हा निधी मिळतो, याचा अर्थ आधीचे प्रकल्प फसले असा घ्यायचा का?

उत्तर : तसा अर्थ घेऊ नये. विजेच्या स्पंदांनी पेशी उघडण्याच्या कल्पनेवर जर्मनीत 1960 च्या सुमारासच पेटंट घेतले गेले होते. पण प्रयोगशाळेत पेलाभर द्रवावर साधलेली गोष्ट कारखान्यात तासाला कित्येक टन मालावर साधणे हे वेगळेच काम असते आणि ते टप्प्याटप्प्यानेच होते. युरोपीय संघ संशोधनाला काही वर्षांच्या 'फ्रेमवर्क कार्यक्रमां'तून निधी देतो; त्यांपैकी सहाव्या कार्यक्रमातील नॉव्हेलक्यू हा प्रकल्प 2006 मध्ये सुरू झाला. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथून समन्वय झालेल्या या प्रकल्पाचा भर प्रक्रियांमागील शास्त्र समजून घेण्यावर होता. सातव्या कार्यक्रमातील हायटेक युरोप हे संशोधनसंस्था आणि उद्योग यांना जोडणारे जाळे होते. त्यानंतर होरायझन 2020 या पुढच्या कार्यक्रमातून निधी मिळालेल्या आयथ्री-फूड या प्रकल्पाने, जर्मनीतील क्वाकेनब्रुक येथील अन्नतंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली, हीच तंत्रे चालू उत्पादनात कशी बसवायची हा प्रश्न हाती घेतला. विषय एकच असला तरी तिन्ही वेळा विचारलेला प्रश्न निराळा होता.

बटाट्याचे उदाहरण घेतले तर हे नीट कळेल. फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यात कापण्याआधी बटाटे मऊ पडावेत म्हणून ते साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बराच वेळ ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तिच्याऐवजी बटाटे पाण्यातून दोन इलेक्ट्रोडांमधून नेतात आणि त्यांच्यावर काही मायक्रोसेकंदांचे उच्च व्होल्टतेचे स्पंद सोडतात. त्यामुळे पेशीपटलांना सूक्ष्म छिद्रे पडतात, आतला ताठरपणा जातो, आणि एरवी कट्‌कन मोडणारी बटाट्याची फोड बोटांत धरून वाकवता येते. अशा बटाट्यातून पाते सहज जाते, काप गुळगुळीत होतो, मोडतोड कमी होते आणि पाणी तापवण्याची ऊर्जाही वाचते. आज हे तंत्र बटाटा उद्योगात रुळले आहे. ग्राहकाला मात्र त्याचा पत्ता नसतो, कारण पाकिटावर त्याचा उल्लेख करण्याचे कारणच नसते. 'निष्कर्ष बाजारात दिसत नाहीत' अशी जी तक्रार या प्रकल्पांबद्दल ऐकू येते, ती बऱ्याचदा अशा न दिसणाऱ्या यशाबद्दल असते.

उच्चदाबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुमारे 600 मेगापास्कल दाबाखाली बहुतेक वाढते जिवाणू मरतात, पण बीजाणू, म्हणजे जिवाणूंची टणक सुप्त रूपे, तग धरतात. म्हणून असे पदार्थ थंडच ठेवावे लागतात, आणि म्हणूनच दाबाला उष्णतेची जोड देऊन निर्जंतुकीकरण साधण्याचा प्रयत्न पुढच्या प्रकल्पांत झाला. शिवाय कायद्याचा अडसर असतोच. या पद्धतीने टिकवलेल्या फळांच्या मिश्रणांना दानोन या कंपनीला 2001 मध्ये युरोपीय आयोगाकडून 'नवीन अन्न' म्हणून रीतसर परवानगी घ्यावी लागली होती. यंत्र तयार झाले म्हणजे पदार्थ विकता येतो असे नाही.

प्रश्न : करदात्यांचा पैसा नफा कमावणाऱ्या कंपन्यांच्या पदरात का घालायचा?

उत्तर : आक्षेप रास्त आहे, पण पैसा सरसकट दिला जात नाही. सध्याचा होरायझन युरोप हा कार्यक्रम 2021 ते 2027 या काळासाठी असून सुरुवातीला त्याची तरतूद 95.5 अब्ज युरो होती. संशोधनप्रधान प्रकल्पात मान्य खर्चाच्या 100 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते; प्रकल्प बाजारपेठेच्या जवळचा असेल, तर नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला 70 टक्क्यांपर्यंतच मिळते आणि उरलेला भार तिला स्वतः उचलावा लागतो. नेहमीच्या सहयोगी प्रकल्पात तीन वेगवेगळ्या देशांतील किमान तीन स्वतंत्र संस्था लागतात, त्यामुळे एकट्या कंपनीला तेथे जागा नसते. निष्कर्षांची मालकी ज्याने ते काढले त्याच्याकडे राहते, आणि त्यांवरचे शोधनिबंध मात्र सर्वांना विनामूल्य वाचता येतील असे प्रसिद्ध करणे बंधनकारक असते. मला स्वतःला ही देवघेव मान्य आहे. पण काही अहवाल 'गोपनीय' शिक्क्याखाली बंद राहतात, तेथे जनतेने अधिक जाब विचारायला हवा असे वाटते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेतल्या शिकवण्याला युरोपात संशोधनाच्या खात्यातून पैसा का मिळतो? ते शिक्षणखात्याचे काम नव्हे काय?

उत्तर : याचे मूळ युरोपीय संघाच्या घटनात्मक रचनेत आहे. संघाच्या कामकाजाविषयीच्या करारातील कलम 165 प्रमाणे काय शिकवायचे आणि शिक्षणव्यवस्था कशी ठेवायची, हा अधिकार सदस्यदेशांचा आहे. संघ फक्त साहाय्य करू शकतो. म्हणजे ब्रसेल्सहून, संघाच्या मुख्यालयातून, अभ्यासक्रम बदलण्याचा हुकूम निघू शकत नाही. निघू शकतो तो निधी, आणि संशोधन कार्यक्रमातील 'समाजातील विज्ञान' या शीर्षाखाली तो काढण्याची वाट उपलब्ध होती.

त्या वाटेला जोर आला तो 2007 मध्ये. फ्रान्सचे माजी पंतप्रधान मिशेल रोकार यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने त्या वर्षी अहवाल दिला. तरुणांचा विज्ञानाकडील ओढा कमी होण्याचे एक प्रमुख कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे, असे सांगून त्यांनी शोधाधारित अध्यापनाची, म्हणजे मुलांनी स्वतः प्रयोग करून उत्तर शोधण्याच्या पद्धतीची, शिफारस केली. ही कल्पना काही आभाळातून पडली नव्हती. फ्रान्समध्ये नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक आणि त्यांचे सहकारी 1996 पासून 'ला मँ आ ला पात' (कणकेत हात) या उपक्रमातून प्राथमिक शाळांत तेच करत होते, आणि 'पोलेन' या प्रकल्पाने बारा देशांतील बारा शहरांत ते करून पाहिले होते. अहवालानंतर फिबोनाची, प्रायमस, एस्टॅब्लिश असे प्रकल्प पाठोपाठ आले. यांपैकी फिबोनाचीची रचना मला विशेष व्यवहार्य वाटते : अनुभवी केंद्राने नवख्या केंद्राला हाताशी धरायचे, आणि त्याने तयार होऊन आपल्या भागात काम पसरवायचे.

वर्गात यातून काय घडते? समजा, विषय यीस्टचा आहे. शिक्षक व्याख्या सांगत नाहीत; पीठ कशामुळे फुगते, असे विचारतात. एक गट म्हणतो साखरेमुळे, दुसरा म्हणतो उबेमुळे. मग गटांनीच ठरवायचे की कोणती एक गोष्ट बदलायची आणि कोणत्या तशाच ठेवायच्या. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून तो किती फुगतो याची नोंद करायची आणि आधी बांधलेल्या अंदाजाशी ती ताडून पाहायची. साखर आणि ऊब दोन्ही एकदम बदलणाऱ्या गटाला आपण काहीच सिद्ध केले नाही हे कळते, तो त्या तासाचा सगळ्यात मोलाचा क्षण असतो.

अडचण परीक्षेपाशी येते, हे आपणास वेगळे सांगायला नको. असे शिकणे गुणांत मोजायचे कसे, हा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो, आणि डब्लिनहून समन्वय झालेला सेल्स व कोपनहेगनहून झालेला असिस्ट-मी हे दोन प्रकल्प मूल्यमापनावरच होते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा होता. पद्धत आधी आणि मोजमाप नंतर, असे झाल्याने मधल्या काळात अनेक शिक्षकांनी नवी पद्धत कार्यशाळेपुरतीच ठेवली असल्यास नवल नाही.

प्रश्न : एखाद्या प्रकल्पातून खरोखर काही निष्पन्न झाले का, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : युरोपीय आयोगाच्या कॉर्डिस या सार्वजनिक माहितीकोशात प्रकल्पाचे नाव किंवा अनुदानक्रमांक घालून शोधावे. तेथे उद्दिष्टांचा गोषवारा, भागीदार संस्था, प्रत्येकीला मिळालेली रक्कम आणि कालावधी दिलेला असतो. उद्दिष्टे बहुधा प्रस्तावातून उचललेली असतात, म्हणून त्यांच्यावर भुलू नये. सरळ अंतिम अहवालाचा गोषवारा उघडावा. त्यात बैठका, माहितीपत्रके आणि परिषदांचीच जंत्री असेल, तर हाती फारसे लागलेले नाही असे खुशाल समजावे. मोजमापे, यंत्राची क्षमता, अपयशाची कबुली, प्रशिक्षित शिक्षकांनी पुढे काय केले याचा मागोवा, असे काही असेल, तर वाचायला वेळ काढावा. प्रकल्पाचे स्वतःचे संकेतस्थळ अनुदान संपल्यावर बंद पडलेले असू शकते. अशा वेळी झेनोडो या खुल्या साठ्यात त्याच नावाने शोध घ्यावा, कारण आधारसामग्री आणि अहवाल तेथे ठेवलेले असण्याची शक्यता असते. शेवटी भागीदारांच्या यादीतील कारखान्याचे नाव घेऊन तो आज ते तंत्र वापरतो का, एवढे पाहावे. शाळांच्या प्रकल्पांसाठी युरोपियन स्कूलनेट ही संस्था चालवत असलेल्या सायंटिक्स या विज्ञानशिक्षणाच्या संकेतस्थळावर शोधल्यास बऱ्याच प्रकल्पांचे पाठ आणि साहित्य मिळते, आणि ते वर्गात वापरून पाहता येते.