महालातला वाडा, महालक्ष्म्या आणि शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर

प्रश्न : माझं वय ५७, लग्न १९९१ साली झालं, सध्या मनीषनगरला राहते. माहेर नागपूरच्या महाल भागातलं. आजोबांनी बांधलेला वाडा, जागा साधारण ३,२०० चौरस फूट. आजी आधीच गेल्या होत्या, आजोबा १९५१ साली गेले. बाबा त्यांचे एकुलते एक. बाबा २०१२ साली गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई (८१), दोन भाऊ आणि मी. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मोठ्या भावाने १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर माझी सही घेतली, ‘वडिलोपार्जित मिळकतीत मला हिस्सा नको’ असा मजकूर, खाली नोटरीचा शिक्का. आता वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं आहे आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागत आहेत. मी विचार करते म्हटलं, तर दादा म्हणाला, ‘तू आधीच लिहून दिलं आहे, आता काहून आडवी येऊन राहिली?’ वहिनी म्हणाल्या, मग महालक्ष्म्यांना येऊ नका. मला खरंच पैसे नकोत. आईचे हाल होऊ नयेत आणि महालक्ष्म्या उघड्यावर पडू नयेत, एवढंच आहे. सही करू का?

उत्तर :

ताई, सही करू नका. निदान आत्ता नको, आणि या कागदावर तर नकोच. कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, फक्त त्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही. तुम्हाला पैसे नकोत, पण दोन गोष्टी हव्या आहेत. ज्याला काहीच नको असतं त्याने हक्क सोडला तर चालतो. ज्याला काही हवं आहे त्याने तो आधी सोडला, तर नंतर मागायला हातात काही उरत नाही. हक्कसोडपत्र नोंदवून झाल्यावर ‘पण आईला तळमजल्यावरच फ्लॅट द्या हं’ असं तुम्ही म्हणाल ते बहिणीचं म्हणणं असेल, हिस्सेदाराचं नाही.

आधी त्या १०० रुपयांच्या कागदाची भीती काढून टाकू, कारण गेली इतकी वर्षं तुम्ही त्याच भीतीखाली आहात असं पत्रावरून वाटतं. स्थावर मिळकतीतला १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. सही तुमचीच आहे, एवढंच नोटरी सांगतो. बिल्डरच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो पुन्हा हक्कसोडपत्र मागतोय. तुम्ही २०१३ साली खरंच हक्क सोडला असता तर आज तुमच्या दारात कुणी आलं नसतं. उद्या वाद झालाच तर दादा तो कागद कोर्टात दाखवतील, ‘हिला तेव्हाच नको होतं’ म्हणतील, आणि त्याचं उत्तर द्यावं लागेल. पण तुमचा हिस्सा त्या कागदाने गेलेला नाही. त्याची एक प्रत मात्र मागून ठेवा. वर्षश्राद्धाच्या दिवशी, पिंडदान झाल्यावर, पानं वाढण्याच्या आधी घेतलेल्या सह्या माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतात. घरच्यांना बाकी मुहूर्त का सापडत नाही, कोण जाणे.

आता हिस्सा किती. दादांना कुणीतरी सांगितलं असणार की १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना काही मिळत नाही. हे पूर्ण खोटं नाही, शिळं आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून स्वतःची दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे जन्माने हिस्सेदार केलं, तेव्हा त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. नागपुरातल्या निम्म्या घरांत कायदा अजून तिथेच थांबलेला आहे. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा दुरुस्ती कायदा आला, त्यात लग्नाची अट नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्माने आहे आणि २००५ साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. तुमचे बाबा तर २०१२ पर्यंत होते. तुमच्या लग्नात किती खर्च झाला, किती तोळे घातले, याची वजाबाकी त्यात होत नाही.

आजोबा १९५१ साली, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आधी गेले, म्हणून वाडा बाबांच्या हाती वडिलोपार्जित म्हणून आला. (आजी मागे राहिल्या असत्या तर १९३७ च्या कायद्याने त्यांचाही वाटा निघाला असता. तुम्ही ते लिहिलंत हे बरं केलं.) बाबा जाण्याच्या अगदी आधी वाटणी झाली असं कायदा कल्पनेने धरतो : बाबा, आई, दोन भाऊ, तुम्ही. प्रत्येकी एक पंचमांश. बायकोचा वाटा या काल्पनिक वाटणीतही धरायचा, हे १९७८ पासून, गुरुपाद मगदूम प्रकरणापासून ठरलेलं आहे. मग बाबांचा एक पंचमांश तुम्हा चौघांत. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. आणि गंमत पाहा, वाडा बाबांचा स्वकष्टार्जित धरला तरी मृत्युपत्र नसल्यामुळे चौघांना एक चतुर्थांशच येतो. तेव्हा ‘वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित’ या वादात कुणी गुंतवू लागलं तर गुंतू नका. फरक पडेल तो फक्त बाबांच्या ट्रंकेतून अचानक एखादं मृत्युपत्र निघालं तर. तसं निघालंच तर त्यावर दोन साक्षीदार कोण आहेत ते पाहा. आणि वडिलोपार्जित मिळकतीत बाबा फक्त आपल्या पंचमांशाचंच मृत्युपत्र करू शकत होते, तेवढं ध्यानात ठेवा.

पत्रात नाही, पण विचारतो : नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीचा उतारा, पाहिली आहे का? तिच्यावर दादांचं एकट्याचं नाव चढलेलं असेल तर दचकू नका. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, ही गोष्ट न्यायालयं सांगून थकली आहेत. पण स्वस्थही बसू नका. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून १२ वर्षांत दावा करावा लागतो. वारस नोंदीसाठी अर्ज आणि लेखी हरकत, दोन्ही द्या, पोच घ्या.

आता वाड्याबद्दल. तो वाचवा असा सल्ला मी देणार नाही. महालात माझ्या तीन अशिलांचे वाडे आहेत. एकाचा उंबरठा पूर्वी रस्त्याच्या दोन पायऱ्या वर होता. सिमेंटचे रस्ते झाले, आता पावसाळ्यात रस्त्याचं पाणी उंबरठा ओलांडून चौकात येतं, तुळशीवृंदावनाला वळसा घालून माजघराशी थांबतं. म्हातारी पाटावर पाय घेऊन बसते. सागवानी खांबांना वाळवी, संडास मागच्या बोळात, मुलं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर मेट्रो आल्यापासून या जागांकडे बिल्डरांची नजर वळली, त्यात नवल नाही. ८१ वर्षांच्या बाईला लिफ्ट आणि खोलीला लागून संडास मिळत असेल तर तो वाडा पडलेला बरा, हे माझं प्रामाणिक मत. तुमचे भाऊ विकासाच्या बाजूने आहेत म्हणून ते खलनायक ठरत नाहीत. त्यांची चूक एवढीच की आई आणि बहीण यांना ते कागदाबाहेर ठेवू पाहत आहेत.

तुमच्या दोन गोष्टी कागदात कशा आणायच्या ते सांगतो.

पहिली, आई. आईचा स्वतःचा चौथा हिस्सा आहे, हे या सगळ्या धामधुमीत कुणी तिला सांगितलं का? बहुधा तिच्याकडूनही हक्कसोड लिहून घेणार असतील. तिने मुळीच देऊ नये. तिच्या हिश्श्याचा फ्लॅट तिच्याच नावावर आला पाहिजे, ‘मुलांकडे आळीपाळीने राहील’ असं नव्हे. समजा तिला मुलांना द्यायचंच असेल, तर दस्तात स्पष्ट अट घाला की मुलं तिला सांभाळतील, तिच्या गरजा भागवतील. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशा वेळी कामी येतं. सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. अट कागदात नसली की मात्र मग वर्षानुवर्षं शब्दांचा कीस पडतो. आणि तुम्हाला खरोखरच हिस्सा नको असेल तर एक वाट आहे जी भाऊ कधी सुचवणार नाहीत : तुमचं हक्कसोडपत्र आईच्या नावे करा. चौथा अधिक चौथा, अर्धा वाडा तिचा. मग बिल्डरही तिच्या समोर बसून बोलेल, आणि दोन्ही मुलगेही.

दुसरी, महालक्ष्म्या. इथे थोडं रेंगाळतो, कारण कायद्याची पुस्तकं इथे गप्प असतील असं लोकांना वाटतं. तशी ती नाहीत. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, कोलकात्याच्या मलिक कुटुंबाचा वाद गेला होता. आपल्या पाळीला कुळाचा देव आपल्या घरी न्यायचा, यावरून तो पेटला. देव म्हणजे हवी तिथे उचलून न्यायची जंगम वस्तू नव्हे, त्याच्या वतीने निःपक्ष माणसाने बोललं पाहिजे, आणि घरातल्या पूजा करणाऱ्या बायकांचंही म्हणणं आलं पाहिजे, असं तिथे म्हटलं गेलं. तुमचे मुखवटे त्या मूर्तीसारखे वेगळ्या देवस्थानाचे नाहीत, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातली समज घेण्यासारखी आहे. एका वाटणीच्या दाव्यात कोर्ट कमिशनरने ताम्हण, समई आणि मुखवटे एकाच ओळीत ‘पितळी सामान’ म्हणून लिहिलेले मी पाहिले आहेत. दोन्ही जावांनी एकत्र हरकत घेतली. त्या खटल्यात त्या एवढ्या एकाच मुद्द्यावर एक झाल्या होत्या.

व्यवहारात काय होतं, तर बिल्डर म्हणतो, ‘ताई, खाली कॉमन देवघर काढून देतो.’ त्यावर विसंबू नका. अपार्टमेंट झाल्यावर सामाईक जागा सगळ्या फ्लॅटधारकांची होते. पाच वर्षांत तिथे इन्व्हर्टर आणि लहान मुलांच्या सायकली येतात. त्यापेक्षा आईच्या फ्लॅटमधली एक खोली ठरवा. भाद्रपदातले ते तीन दिवस तिथे महालक्ष्म्या बसतील, तिन्ही भावंडांना तिथे येण्याचा हक्क राहील, आईच्या नंतर तो फ्लॅट कुणाकडे जाईल आणि मुखवटे, फुलोऱ्याची चौकट, आंबिलीचं मोठं पातेलं कुणाच्या ताब्यात, पाळी कशी, हे कौटुंबिक व्यवस्थेच्या दस्तात लिहा. पातेलं हसण्यावारी नेऊ नका. भांडणं तिथूनच सुरू होतात. तोंडी झालेल्या व्यवस्थेची नुसती आठवण-नोंद असेल तर ती नोंदवली नाही तरी चालते, हे १९७६ च्या काळे प्रकरणात ठरलं आहे. पण तुमच्या दस्ताने नवे हक्क निर्माण होणार आहेत, म्हणून तो नोंदवाच. पुढे लेक की सून, कोण बसवणार, हे कायदा ठरवत नाही. ते आईला विचारा. तिला विचारलेलंच नाहीये अजून.

बिल्डरच्या मसुद्याबद्दल थोडक्यात. तुमची जागा जेमतेम २९७ चौरस मीटर भरते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या प्रकल्पाला महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणीची सक्ती नाही, म्हणजे तिथलं संरक्षण गृहीत धरू नका. मुदत, बँक हमी, बांधकामाच्या काळातलं आईचं घरभाडं, सगळं करारातच आलं पाहिजे. करारासोबत कुलमुखत्यारपत्राचा वेगळा गठ्ठा येईल, तो कराराइतकाच नीट वाचा. रस्त्याकडेच्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर त्याचं काय, हेही विचारा. भाच्यांच्या सह्याही बिल्डर मागेल, मागू द्या.

दाव्याचा धाक घालू नका. ३,२०० चौरस फुटांचे चार पट्टे कुणी पाडू शकत नाही, शेवटी कोर्टालाही विक्रीकडेच वळावं लागतं, आणि तोवर आई किती पावसाळे पाहणार? आधी एक साधी नोटीस, मग जिल्हा न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्रात बसणं, हे मला जास्त बरं वाटतं. वकिलाचा खर्च अडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

उलट, नोंदणीकृत हक्कसोड एकदा झालं की ते मोडायला फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, तोही तीन वर्षांत. ‘तेव्हा वाईट वाटलं म्हणून सही केली’ हे कारण चालत नाही.

राहिला वहिनींचा निरोप. त्यांच्यावर रागावण्याआधी एकदा त्यांना सहज विचारा, त्यांच्या माहेरी काय झालं, त्यांनी कोणत्या कागदावर सही केली होती. उत्तर ऐकून तुमचं बोलणं कदाचित वेगळ्या वाटेने जाईल. यंदा महालक्ष्म्यांना मात्र जा, बोलावण्याची वाट पाहू नका. दरवर्षीसारखी सकाळी लवकर जा, आंबील ढवळायला बसा. जेवणं झाल्यावर दादा फाईल काढतीलच. तेव्हा मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या, ‘वकिलांना दाखवते’ म्हणा, आणि आईच्या नावाची ओळ कुठे आहे ते तिला वाचून दाखवा.