कृषी सल्ला : मेंढीचं कातडं घरी कमावताना आधी मीठ, मग तुरटी

प्रश्न (काटोल तालुक्यातील मेंढपाळ) : साहेब, घरच्या मेंढीचं कातडं लोकरीसकट कमावून बसायला आसन करायचं होतं. मेंढी दुपारी कापली, कातडं घडी करून पोत्यात ठेवलं, रात्री पाहुणे गेल्यावर मीठ लावलं. मग तुरटीच्या पाण्यात ५ दिवस बुडवलं. आता पोटाकडची लोकर झुपक्यानं हातात येऊन राहिली. तुरटी कमी पडली का? पुढच्या वेळी किती घालू?

उत्तर : भाऊ, तुरटी दुप्पट घातली असती तरी हेच झालं असतं. तुमचं कातडं बिघडलं ते पोत्यात, दुपार ते रात्र या वेळात.

मेंढीची लोकर म्हणजे घोंगडीच. जनावर गेल्यावरही ती अंगातली ऊब धरून ठेवते. त्यात घडी घातली की मधला भाग तासन्‌तास गरम राहतो आणि लोकरीच्या मुळाशी कुजण्याची क्रिया सुरू होते. वरून काही कळत नाही, वासही येत नाही. पोटाकडचं कातडं पातळ आणि ओलसर, म्हणून पहिली लोकर तिथली सुटते. एकदा मूळ सैल झालं की जगातली कोणतीही तुरटी ते परत घट्ट धरत नाही. त्या कातड्यावर आणखी मेहनत करू नका.

पुढच्या वेळी असं करा. कातडं सोलल्याबरोबर सावलीत, फरशीवर, लोकर खाली आणि मांसाची बाजू वर अशी पसरा. अर्धा-पाऊण तास निवू द्या. चिकटलेलं मांस आणि चरबी बोथट सुरीनं काढा, कारण चरबीच्या थरातून मीठ आत जात नाही. मग कातड्याच्या वजनाच्या निम्मं मीठ चोळा. कातडं अडीच किलो भरलं तर सव्वा किलो. थोडं जास्त झालं तर नुकसान नाही, कमी झालं तर आहे. खडे मीठ असेल तर गव्हाच्या दाण्याइतकं बारीक करून घ्या. मान, पाय आणि कडा गुंडाळलेल्या राहतात. तिथे बोटानं उलगडून मीठ पोचवा, बहुतेकांचं तिथेच चुकतं. फरशीला थोडा उतार हवा, म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं मीठ झटकून नवं लावा. झटकलेलं मीठ पुढच्या कातड्याला वापरू नका. खाऱ्यातच वाढणारे जंतू त्यात असतात आणि कातड्यावर गुलाबी-तांबूस डाग पाडतात.

नीट खारवलेलं कातडं या थंडीत १०-१५ दिवस निवांत ठेवता येतं. वेळ नसेल तर एवढं करून थांबा, कमावायचं काम सवडीनं करा.

कमावायच्या आदल्या रात्री कातडं मूठभर मीठ घातलेल्या गार पाण्यात भिजवा. सकाळी लोकर रिठ्याच्या पाण्यानं धुवा आणि त्यातलं गोखरू आत्ताच वेचा. पाणी गारच ठेवा, गरम पाण्यात लोकर गुठळ्या धरते. नंतर गुळगुळीत ओंडक्यावर टाकून आतला पांढरट पापुद्रा खरडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-अडीच तास मोडतात. पण तो पापुद्रा राहिला तर तुरटी आत शिरत नाही.

१० लिटर पाण्याला अर्धा किलो तुरटी आणि १ किलो मीठ. तुरटी कुटून थोड्या गरम पाण्यात विरघळवा आणि सगळं पूर्ण गार झाल्यावरच कातडं टाका. प्लास्टिकचा ड्रम घ्या. लोखंडी टाकी-घमेलं नको, गंजाचे डाग उठतात. दिवसातून दोनदा काठीनं खालीवर करा. ४-५ दिवसांनी मानेजवळ, जिथे कातडं सर्वांत जाड असतं, तिथली कड जराशी कापून बघा. काप आरपार पांढराशुभ्र दिसला तर काम झालं. मध्ये निळसर, काचेसारखी रेघ दिसली तर अजून २ दिवस.

बाहेर काढल्यावर पाणी निथळू द्या आणि बांबूवर सावलीत टाका. उन्हात नाही! विद्यार्थी असताना मी पहिलं कातडं मे महिन्यात घराच्या पत्र्यावर वाळत घातलं होतं. संध्याकाळी उचललं तर पापड. ओलं कातडं तापलं की अक्षरशः शिजतं, मग त्याला काही केल्या मऊपणा येत नाही. म्हणून आपल्या नागपूरच्या हवेत हे काम डिसेंबर-जानेवारीचं.

पूर्ण वाळायची वाट मात्र बघू नका. कडा वाळल्या आणि मधला भाग दमट आहे, अशा वेळी फळीच्या बोथट कडेवर दोन्ही हातांनी ओढून घासा. जिथे ताण बसेल तिथे कातडं पांढरं पडत जाईल, तो भाग मोकळा झाला. सुकेपर्यंत हे चार-पाच वेळा करावं लागतं. मधे एकदा दोन अंड्यांचा पिवळा बलक आणि चमचाभर एरंडेल कोमट पाण्यात फेटून आतल्या बाजूला चोळा. घरात जवसाचं तेल असतं म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण ते हवेत वाळून कडक होतं.

एक मर्यादा सांगून ठेवतो. तुरटीचं कातडं धुवायचं नसतं. पाण्यानं तुरटी निघून जाते आणि कातडं परत कच्चं होतं. आसन झटका, सावलीत वारा द्या, पावसापासून जपा.

उरलेलं पाणी संत्र्याच्या आळ्यात ओतू नका. संत्र्याला खारं सोसत नाही, आणि काळ्या जमिनीतून मीठ लवकर निघतही नाही. विहीर आणि नाल्यापासून दूर, पडीक मुरमाड जागी खड्डा करा.

प्रश्न (रामटेक तालुक्यातील महिला बचत गट) : बाजारातली क्रोमची पावडर वापरली तर काम एका दिवसात होतं म्हणतात. आम्ही शेळीची कातडी तशी कमावू का?

उत्तर : ताई, होतं खरं लवकर, आणि ते कातडं पाण्यालाही टिकतं. पण क्रोमचं सांडपाणी अंगणात जिरवायची गोष्ट नाही. कातडी कमावण्याचा उद्योग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल गटात, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या यादीत, येतो. परवानगी आणि पाणी शुद्ध करायची सोय नसताना त्यात पडू नका.

केस काढून साधं चामडं हवं असेल तर बाभळीची साल आणि हिरडा हा आपल्याकडचा जुना मार्ग आहे. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला जे चर्मालय चाललं, ते मेलेल्या जनावरांच्या कातड्यांवर. बाभूळ आपल्या बांधावर आहे, हिरडा मेळघाटातून येतो. चुन्यानं केस काढून, चुना धुऊन, आधी पातळ आणि मग दर आठवड्याला घट्ट होत जाणाऱ्या काढ्यात महिना-दीड महिना ठेवावं लागतं. घाईनं सुरुवातीलाच घट्ट काढा घातला तर कातडं वरून पक्कं आणि आत कच्चं राहतं. लोकरीच्या आसनाला हा काढा नको, लोकर तपकिरी होते.

प्रश्न (उमरेड तालुका) : कळपातली मेंढी आपोआप मेली तर तिचं कातडं काढावं का?

उत्तर : कशानं मेली ते कळल्याशिवाय नाही. काल चरत होती, आज अचानक मेली, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, तर सुरी लावूच नका. काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. मढं फाडलं की हवेशी संबंध येऊन तिचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. कुत्री हाकला, मढं झाका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. आंत्रविषारानंही (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा रोग) मेंढ्या अशाच पटकन जातात. दोन्हींतला फरक तुम्ही किंवा मी नुसतं बघून सांगू शकत नाही, तो दवाखान्यातल्या तपासणीतच कळतो.