संगणकावर काढलेला जहाजाचा ड्रॅग (पाण्याचा विरोध) चाचणीशी 2 टक्क्यांत जुळला, म्हणजे के-एप्सिलॉन हे खळबळत्या प्रवाहाचं (टर्ब्युलन्सचं) मॉडेल बरोबर धरायचं का?

नाही. हाच प्रश्न मला वास्कोत एका डिझाइन ऑफिसात महागात पडलाय, म्हणून लिहितो.

मांडवीत खनिज वाहणाऱ्या बार्जचं काम होतं. हल (जहाजाचं धड) म्हणजे जवळजवळ खोकाच, मागे एकदम आवळलेला. मी साधं के-एप्सिलॉन चालवलं आणि एकूण विरोध टँकमधल्या प्रतिकृतीच्या चाचणीशी 2 टक्क्यांत जुळला. पात्रांव, म्हणजे आमचे साहेब, खूश. मी हौसेने जाळी (हिशोबासाठी पाण्याचे पाडलेले तुकडे) दोनदा बारीक केली, तर फरक 7 टक्क्यांवर गेला. पात्रांव म्हणाले, "मग जाडीच ठेव, ती बरोबर सांगते." मी चर्चा केली, चहा थंड झाला, रिपोर्ट जाड्या जाळीचाच गेला. बार्ज पाण्यात उतरल्यावर मागचा भाग असा थरथरायचा की सारंग केबिनमध्ये कप ठेवीना.

झालं काय होतं? जाळीची चूक आणि मॉडेलची चूक एकमेकींना खाऊन बसल्या होत्या. शिवाय संथ बार्जच्या विरोधात मोठा वाटा घर्षणाचा, तो कुठलंही मॉडेल बऱ्यापैकी देतं. भांडण असतं ते मागच्या भोवऱ्यात. केव्हीएलसीसी2 हा कोरियन टँकर बघा, 320 मीटरचा, कधी बांधलाच नाही, पण प्रतिकृती करून हलभोवतीचा प्रवाह मोजलेला आहे. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) जागी सारख्या वेगाच्या रेषांना हुकसारखा बाक येतो. साधं के-एप्सिलॉन तो पुसून टाकतं. पंखा नेमका त्याच पाण्यात फिरतो.

तेव्हा आधी तीन जाळ्या, मग मॉडेलची तुलना, आणि तीही वेगाच्या प्रोफाइलवर, म्हणजे जागोजागी वेग किती त्यावर. पायरीवरून पडणारा प्रवाह करून बघा: ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या 1985 च्या प्रयोगात तो पायरीच्या उंचीच्या सव्वासहा पट अंतरावर तळाला टेकतो, के-एप्सिलॉन त्याला आधीच टेकवतं. मेंटरचं एसएसटी हे मॉडेल बरं, पण भिंतीपाशी वाय-प्लस (जाळीचा पहिला थर भिंतीपासून किती लांब, त्याचं माप) 1 च्या आसपास ठेवायची तयारी हवी.

हां, एसएसटीसुद्धा तो बाक पूर्ण देत नाही. आणि तुम्हाला फक्त सपाट तळाचं घर्षण हवं असेल, तर के-एप्सिलॉनने बिघडत नाही. स्पालार्ट-ऑलमारास हे आणखी एक मॉडेल मी जहाजावर फारसं वापरलेलं नाही.

पात्रांव हे वाचत असतील तर सांगतो, त्या तिन्ही जाळ्यांच्या फायली माझ्याकडे अजून आहेत.