काळीज म्हणजे यकृत की हृदय?

सोलापुरात परिचारिका अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे की, विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत ‘गर्भाच्या तांबड्या रक्तपेशी काळजात तयार होतात’ असे लिहिले, तर हृदयात रक्त तयार होत नसल्यामुळे ते चूक धरावे का? माझ्या मते चूक धरू नये. शब्द मात्र बदलून घ्यावा.

मटणाच्या दुकानात काळीज मागितले की खाटीक काळपट तांबडा, मऊ, गुळगुळीत तुकडा तराजूत टाकतो. ते यकृतच असते. संस्कृतात यकृतासाठी ‘कालेय’ हा शब्द आहे आणि तेलुगूत आजही यकृताला ‘कालेयम्’ म्हणतात, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक घरातून आलेल्या मुलीला तर यात काहीच खटकणार नाही. मात्र ‘काळीज धडधडले’, ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात हृदयच असते. दोन्ही अर्थ जिवंत आहेत, म्हणूनच शास्त्रीय लेखनात ‘यकृत’ लिहावे.

विद्यार्थिनीच्या वाक्यात खरी उणीव आहे ती काळाची. पहिल्या तांबड्या पेशी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पीतककोशात, म्हणजे भ्रूणाच्या शरीराबाहेरील पिशवीत, तयार होतात. त्या आकाराने मोठ्या असतात आणि प्रौढांच्या तांबड्या पेशींत नसलेले केंद्रक त्यांच्यात असते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम यकृताकडे येते आणि पुढचे काही महिने मुख्यतः तेथेच चालते. प्लीहेचा, म्हणजे आपल्या पांथरीचा, वाटा लहान असतो. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून अस्थिमज्जा हळूहळू हे काम हाती घेते आणि शेवटच्या तिमाहीत तीच प्रमुख ठरते. रसाला, म्हणजे आयुर्वेदानुसार अन्नाच्या पचनातून तयार होणाऱ्या द्रवाला, यकृत आणि प्लीहा येथे तांबडेपणा येतो, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे; ते विधान गर्भापुरते नाही, तरी याच दोन अवयवांची नावे तेथे एकत्र यावीत, याचे मला फार अप्रूप वाटते.

तेव्हा ‘गर्भावस्थेच्या मधल्या काळात तांबड्या रक्तपेशी मुख्यतः यकृतात तयार होतात’ असे वाक्य तिच्याकडून लिहून घ्यावे. पुढच्या टप्प्याबद्दल लिहिताना ‘अस्थिमज्जा’ हा पूर्ण शब्द वापरायला सांगावे, कारण मज्जातंतू आणि मज्जारज्जू या शब्दांमुळे नुसत्या ‘मज्जे’चा संबंध चेतासंस्थेशी जोडला जातो.