पीएच कमी करायची बाटली आधी बाजूला ठेवा

झाडं लावलेली माशांची टाकी ६० लिटरची, पाणी बोअरचं, केएच (पीएच खाली पडू न देणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप) १२. पीएच ७.८ वरून ६.८ वर आणायला रोज बाटलीतलं औषध घालता आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर जातो. झाडांसाठी सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) रात्रंदिवस चालू, आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात, असं तुम्ही लिहिलंय.

आधी मासे वाचवा. आज रात्रीपासून दिवे बंद व्हायच्या तासभर आधी सीओटू बंद करा आणि रात्रभर एअर पंप चालू ठेवा. अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यात तुमचा सिलिंडर भर घालतोय. उन्हाळ्यात हे आणखी बिघडतं: २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५च. सकाळी दिवे लागायच्या तास-दीड तास आधी सीओटू सुरू करा. सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी गॅसची झडप) आणि टायमर असेल तर लक्षात ठेवायची कटकटही नाही.

आता पीएच. बाटलीतलं आम्ल केएच खातं, त्यातून थोडा सीओटू तयार होतो, तो हवेत उडून गेला की पीएच परत चढतो. म्हणजे तुमच्या हाती काहीच लागत नाही. पीएचच्या मागे लागूच नका. केएच माहीत असला की पीएचवरून सीओटू काढता येतो: ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) घात. तुमच्या केएच १२ ला पीएच ७.१ म्हणजे लिटरमागे सुमारे २९ मिलिग्रॅम सीओटू, झाडांना भरपूर. ६.८ हा आकडा नुसत्या सीओटूने गाठलात तर ते ५७ होतात, मासे जगणार नाहीत! फक्त बाटलीतलं आम्ल पाण्यात असेपर्यंत हे गणित खोटं ठरतं.

ड्रॉप चेकर (पाण्यातल्या सीओटूप्रमाणे रंग बदलणारी छोटी कुपी) लावा, पण त्यात टाकीचं पाणी भरू नका, ४ केएचचं तयार द्रावण भरा. हिरवा रंग हवा. तो रंग सीओटूच्या खऱ्या पातळीच्या तास-दोन तास मागे असतो. हे न कळल्यामुळे मी एकदा निळा, म्हणजे सीओटू कमी असल्याचा, रंग बघून सीओटूचे बुडबुडे वाढवत गेलो आणि संध्याकाळपर्यंत अकरा निऑन टेट्रा गमावले. अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतो, एका दिवशी एकदाच बदल करा, आणि सुटीच्या दिवशी, म्हणजे समोर बसून बघता येईल.

व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन तुमच्या पाण्यात छान वाढतील. रोटाला मॅक्रांड्रासारखी लाल झाडं हवी असतील तरच केएच ४ वर आणा: एक भाग बोअर, दोन भाग आरओ. आरओच्या नळाचं पाणी घ्या, सांडपाण्याच्या नळीचं नव्हे, त्यात क्षार उलट जास्त असतात. घरच्या मशीनमध्ये मिनरलचं काडतूस असतं, म्हणून ते पाणीही एकदा किटने तपासा. दर आठवड्याला १५ लिटरच बदला, माशांना एकदम फरक सोसत नाही. आणि टाकीतल्या खडीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, खडी बदला, नाहीतर आरओ घालूनही केएच चढतच राहील.